झाशीची राणी लक्ष्मीबाई : तलवारीआधीचा हक्काचा लढा

झाशी : बुंदेलखंडात पहूज आणि बेतवा या दोन नद्यांच्या मधल्या खडकाळ मुलखात वसलेल्या झाशी शहराभोवती एकेकाळी भक्कम तट होता आणि त्या तटाला दहा दरवाजे होते. दतिया, ओरछा, सागर, भांडेर अशी त्यांतील अनेकांची नावे वाट जिकडे जाते त्या गावावरून पडलेली आहेत. लक्ष्मी दरवाजाचे नाव मात्र देवीवरून पडले. आज लोकांच्या तोंडी तो लक्ष्मी गेट म्हणून रुळला आहे. या दरवाजातून बाहेर पडणारी वाट लक्ष्मी तलावाकडे आणि त्याच्या काठच्या महालक्ष्मीच्या देवळाकडे जाते. महालक्ष्मी ही झाशीच्या नेवाळकर घराण्याची कुलदेवता. देवळापासून जवळच राजे गंगाधरराव नेवाळकर यांची छत्री आहे. पतीच्या मागे ही छत्री बांधवली ती राणी लक्ष्मीबाईंनी.

लक्ष्मीबाईंचे नाव घेताच डोळ्यांपुढे येते ते घोड्यावरचे चित्र. पाठीशी बांधलेला मुलगा, हातात तलवार आणि मागे धुमसणारा किल्ला. हे चित्र भारतातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. पण १८५८ सालच्या त्या काही आठवड्यांपूर्वी चार वर्षांहून अधिक काळ याच राणीने दुसऱ्या साधनांनी एक लढा दिला होता. त्या लढ्यात दारूगोळा नव्हता. त्यात खलिते होते, तहांच्या कलमांचे दाखले होते, धर्मशास्त्राचे आधार होते, वकिलाचा सल्ला होता आणि वारंवार आलेले नकार होते. लक्ष्मी दरवाजाबाहेरचे देऊळही या लढ्याचा एक विषय होते. राणीचे चरित्र नीट समजून घ्यायचे तर तलवारीआधीची ही वर्षे पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

नेवाळकर मूळचे कोकणातील रत्नागिरी भागातले. पुढे त्यांचे घराणे खानदेशात पारोळे येथे स्थिरावले आणि पेशव्यांच्या चाकरीत वर आले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ हरी नेवाळकर झाशीचे सुभेदार झाले. त्यांच्यामागे त्यांचे बंधू शिवराव भाऊ यांनी कारभार पाहिला. १८०४ मध्ये शिवरावांनी ईस्ट इंडिया कंपनीशी मैत्रीचा तह केला. १८१७ मध्ये बुंदेलखंडावरील पेशव्यांचे अधिकार कंपनीकडे गेले, तेव्हा कंपनीने शिवरावांचे नातू रामचंद्रराव यांच्याशी नवा तह केला. झाशीचे राज्य रामचंद्रराव, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याकडे वंशपरंपरेने राहील, असे त्या तहाने मान्य केले. पुढे सारा वाद ज्या शब्दांभोवती फिरला, ते शब्द हेच.

या सुभेदारांबरोबर झाशीत मराठी कुटुंबेही येऊन राहिली. शास्त्री, कारकून, वैद्य, पुजारी आणि शिलेदार यांची घरे तटाच्या आत उभी राहिली. बुंदेली बोलणाऱ्या शहरात चैत्रातले हळदीकुंकू आणि गणपतीचा उत्सव यांनाही स्थान मिळाले. अशा या शहरात १८४२ मध्ये मणिकर्णिका तांबे ही मुलगी राजवधू म्हणून आली. तिचा जन्म काशीचा. वडील मोरोपंत तांबे हे पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या आश्रयाला काशीत होते. आई भागीरथीबाई लवकर निवर्तल्या. पुढे मोरोपंत ब्रह्मावर्ताला दुसऱ्या बाजीरावांकडे आले आणि मनू तेथेच वाढली. तिच्या जन्मवर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. जयंती मात्र सर्वत्र १९ नोव्हेंबरला साजरी होते. लग्नानंतर तिचे नाव लक्ष्मीबाई झाले. सासरच्या कुलदेवतेचेच ते नाव होते.

१८५१ मध्ये राजदांपत्याला मुलगा झाला, पण तो काही महिन्यांतच दगावला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव गंभीर आजारी पडले. त्यांनी आपल्याच कुळातील वासुदेवराव नेवाळकर यांचा मुलगा आनंदराव यास विधिपूर्वक दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. या प्रसंगी कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांना मुद्दाम बोलावण्यात आले होते. मुलाच्या नावे राज्य चालू राहावे आणि आपल्या पत्नीने हयातभर कारभार पाहावा, असे विनंतीपत्र राजांनी एलिस यांच्या हाती दिले. २१ नोव्हेंबरला गंगाधररावांचे निधन झाले. दत्तकविधान लपूनछपून किंवा राजांच्या पश्चात झालेले नव्हते. ते सरकारी साक्षीने झाले होते.

हा काळ गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांचा होता. औरस वारस नसलेले राज्य दत्तक नाकारून खालसा करण्याचे धोरण जोरात होते. १८४८ मध्ये सातारा गेले होते आणि नागपूरचे भोसल्यांचे राज्य त्याच वाटेवर होते. झाशीचे काय होणार याची कल्पना राणीला होती. म्हणून वैधव्याच्या पहिल्या दिवसांतच, डिसेंबर १८५३ मध्ये, त्यांनी गव्हर्नर जनरलकडे पहिला खलिता धाडला. फेब्रुवारी १८५४ मध्ये दुसरा पाठवला.

या खलित्यांची मांडणी पाहिली म्हणजे त्यामागील विचार स्पष्ट होतो. त्यांत दयेची याचना दुय्यम आहे, मुख्य आहे तो युक्तिवाद. पहिला आधार १८१७ च्या तहाचा. त्यात वारस आणि उत्तराधिकारी असे दोन वेगळे शब्द आहेत. उत्तराधिकारी म्हणजे केवळ पोटचा मुलगा नव्हे, असे राणीचे म्हणणे होते. दुसरा आधार हिंदू धर्मशास्त्राचा. पिंडदानासह सर्व बाबतींत दत्तक पुत्र औरसाच्या जागी असतो. तिसरा आधार शेजारच्या उदाहरणांचा. ओरछा आणि दतिया या संस्थानांत दत्तक मान्य झाले असताना झाशीला वेगळा न्याय का, हा प्रश्न त्यात होता. याखेरीज अडचणीच्या काळी झाशीच्या राज्यकर्त्यांनी कंपनीला केलेल्या मदतीची आठवणही होती. विशेष म्हणजे मेजर एलिस यांनीही राणीच्या बाजूने मत नोंदवले होते.

डलहौसी यांनी तरीही नकार दिला. झाशी हे स्वतंत्र राज्य नसून कंपनीच्या कृपेने टिकलेले मांडलिक संस्थान आहे आणि अशा संस्थानाचा दत्तक मान्य करणे कंपनीवर बंधनकारक नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८३५ मध्ये रामचंद्रराव वारले, तेव्हा त्यांचा दत्तक मान्य झाला नव्हता, हा दाखला त्यांनी पुढे केला. मार्च १८५४ मध्ये झाशी खालसा झाल्याचे राणीला कळवण्यात आले. किल्ला सोडून त्या शहरातील वाड्यात राहायला गेल्या. कॅप्टन स्कीन हे झाशीचे सुपरिंटेंडेंट झाले.

झाशी न देण्याचा राणीचा निर्धार व्यक्त करणारे वाक्य पुढे देशभर गेले. ते एका वकिलाच्या आठवणींत नोंदले गेले आहे. जॉन लँग हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले वकील आणि पत्रकार. आग्र्याचे ठेकेदार लाला ज्योतिप्रसाद यांचा कंपनीविरुद्धचा खटला त्यांनी जिंकून दाखवला होता. राणीने १८५४ मध्ये त्यांना झाशीला बोलावून घेतले. पडद्याआडून बराच वेळ बोलणे झाले. तनखा निषेध नोंदवून स्वीकारावा आणि विलायतेत दाद मागावी, असा सल्ला लँग यांनी दिला. त्यानंतर लंडनला कंपनीच्या संचालकांपर्यंत अपील गेले आणि तेही फेटाळले गेले. रणांगणावर शोभेल असे ज्याला आपण मानतो, ते वाक्य मुळात वकिलाशी चाललेल्या मसलतीत उच्चारले गेले होते.

खालसा झाल्यानंतरचा तपशील राणीच्या मनाला अधिक लागणारा होता. त्यांना दरमहा पाच हजार रुपये तनखा ठरला. पण गंगाधररावांच्या नावावरील कर्ज याच रकमेतून वसूल करावे, असा सरकारचा आग्रह होता. राज्य ज्याने घेतले त्यानेच राज्याचे कर्ज फेडावे, असे राणीचे म्हणणे होते. दुसरीकडे, खासगी मालमत्तेसाठी दामोदररावांचे दत्तकपण सरकारने मान्य केले आणि काही लाखांची रोकड ते सज्ञान होईपर्यंत आपल्याकडे ठेवून घेतली. एकच दत्तकविधान तिजोरीसाठी खरे आणि गादीसाठी खोटे ठरले. मुलाच्या मुंजीसाठी राणीने या रकमेतून एक लाख रुपये मागितले, तेव्हा सरकारने आधी जामीन मागितला. ज्या शहरावर आपले राज्य होते, त्याच शहरात मुलाच्या मुंजीसाठी त्यांना जामीनदार उभे करावे लागले.

याच काळात लक्ष्मी दरवाजाबाहेरच्या देवळावर संक्रांत आली. महालक्ष्मीच्या पूजाअर्चेसाठी आणि उत्सवासाठी राजघराण्याने काही गावांचे उत्पन्न लावून दिले होते. नव्या राजवटीने ही गावे सरकारजमा केली. राणीने हरकत घेतली. ही देणगी राज्याची नव्हती, देवीची होती, आणि ती काढून घेतल्याने सगळ्या शहराची श्रद्धा दुखावते, असा तिचा आशय होता. झाशीत गोहत्येवर असलेली पूर्वापार बंदी उठवण्यात आली, तेव्हाही शहरातील लोकांच्या तक्रारीला राणीने आपल्या अर्जाचे पाठबळ दिले. दोन्ही अर्ज फेटाळण्यात आले. पहिल्या खलित्यांत प्रश्न गादीचा होता. या अर्जांत शहराच्या रीतिभातींचा, देवस्थानाचा आणि लोकांच्या मनाचा प्रश्न आला. राज्य हातातून गेल्यावर राणीचा आवाज केवळ स्वतःपुरता राहिला नाही, ही गोष्ट येथे लक्षात येते.

त्यांच्या रोजच्या वागण्याची जवळून पाहिलेली हकीकत मराठीत उपलब्ध आहे, हे आपले भाग्य. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. त्यांच्या आठवणी ‘माझा प्रवास’ या नावाने चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यापूर्वी १८९४ मध्ये दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी राणीचे मराठी चरित्र लिहिले होते. पहाटेचा व्यायाम, घोड्याची रपेट, पूजा आणि कचेरीचे कामकाज असा राणीचा दिनक्रम या लेखनातून कळतो. महालक्ष्मीच्या दर्शनाला त्या कधी पालखीतून तर कधी घोड्यावरून जात. एकदा दर्शनाहून परतताना शहराच्या दरवाजाशी गोरगरिबांची मोठी गर्दी दिसली. कारण विचारले तेव्हा ही माणसे थंडीने गारठली आहेत असे कळले. प्रत्येकाला टोपी, बंडी आणि घोंगडी देण्याचा हुकूम त्यांनी तेथल्या तेथे सोडला. ही हकीकत त्यांच्या हाती पुन्हा कारभार आला त्या काळातली.

तो कारभार आला तो मोठ्या रक्तपातानंतर. जून १८५७ मध्ये झाशीच्या छावणीतील फौजेने बंड केले. किल्ल्यात आश्रय घेतलेल्या इंग्रजांनी शरणागती पत्करली आणि ८ जूनला जोखनबागेत स्त्रिया व मुलांसह सुमारे साठ जणांची कत्तल झाली. स्कीनही त्यात मारले गेले. या कत्तलीत राणीचा हात होता असे पुढे इंग्रजांनी धरले. त्याला पटण्याजोगा पुरावा नसल्याचे अनेक इतिहासकारांचे मत आहे. बंडखोर शिपाई राणीकडून पैसे उकळून दिल्लीकडे निघून गेले. त्यानंतर राणीने काय केले? त्यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली. घडलेला वृत्तान्त कळवून त्यांनी सागर विभागाचे कमिशनर अर्स्किन यांच्याकडे पत्रे पाठवली. नवा अधिकारी येईपर्यंत कंपनीच्या वतीने जिल्ह्याचा बंदोबस्त ठेवावा, असे अर्स्किन यांनी जुलैच्या आरंभी कळवले. वरिष्ठांनी मात्र राणीवरचा संशय सोडला नाही.

पुढच्या काही महिन्यांत सदाशिवराव नेवाळकर या भाऊबंदाने गादीवर हक्क सांगितला. त्याचा बंदोबस्त राणीने केला. ओरछ्याच्या फौजेने नत्थे खाँच्या हाताखाली शहरावर चाल केली, तीही परतवली. या साऱ्या काळात इंग्रजांकडून मदत येईल अशी आशा त्यांनी सोडली नव्हती. जानेवारी १८५८ मध्ये सर रॉबर्ट हॅमिल्टन यांना त्यांनी आपली बाजू मांडणारा खलिता पाठवला. त्याचे उत्तर आले नाही. सर ह्यू रोज यांची फौज मात्र आली.

मार्चच्या उत्तरार्धात वेढा पडला. तटावरच्या तोफा चालवणारे गौस खाँ, बुरुजांवर दगडमाती आणि दारूगोळा पोचवणाऱ्या स्त्रिया आणि कोरी समाजातील झलकारीबाई यांची नावे झाशीच्या लोकस्मृतीत राणीच्या जोडीने उभी आहेत. शहर वाचवायला आलेल्या तात्या टोपे यांच्या सैन्याचा १ एप्रिलला बेतवेकाठी पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात घुसली. त्यानंतर झालेली लूट आणि कत्तल विष्णुभटांनी डोळ्यांनी पाहिली. राजवाड्यातील मोलाचा ग्रंथसंग्रह या विध्वंसात नष्ट झाला. ४ एप्रिलच्या रात्री राणी दामोदररावांना घेऊन शहराबाहेर पडल्या. मोरोपंत तांबे पकडले गेले आणि त्यांना फाशी देण्यात आले. काल्पीची लढाई हरल्यावर १ जूनला ग्वाल्हेर ताब्यात आले, पण ते थोडेच दिवस टिकले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथील लढाईत राणी धारातीर्थी पडल्या. ग्वाल्हेरला १८ जून हा त्यांचा बलिदान दिन म्हणून पाळला जातो.

त्यानंतर घडले ते राणीच्या अर्जांवरचे खरे उत्तर म्हणावे लागेल. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याने कंपनीचे राज्य संपले आणि संस्थानिकांशी झालेले तह पाळण्याचे वचन ब्रिटिश राजसत्तेने दिले. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांच्या राजवटीत संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या हक्काच्या सनदा मिळाल्या. ज्या तत्त्वासाठी लक्ष्मीबाई भांडल्या, ते त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत सरकारने स्वीकारले. ओरछा आणि दतिया ही शेजारची संस्थाने त्यामुळे १९४७ नंतरच्या विलीनीकरणापर्यंत टिकली. झाशीला मात्र हा न्याय मिळाला नाही. शहर आणि किल्ला काही काळ शिंद्यांकडे गेले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात पुन्हा इंग्रजांकडे आले. दामोदररावांनी शरण येऊन इंदूरला आयुष्य काढले. तुटपुंज्या तनख्यावर राहून तेही आपल्या पैशासाठी आणि हक्कासाठी अर्ज करीत राहिले. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.

नदीकाठच्या काही लहान शहरांची नावे हक्कांच्या लढ्यांमुळे जगाला ठाऊक झाली. सावित्री नदीवरील महाडला १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर पाणी प्याले आणि त्या पाण्याचा कायदेशीर हक्क उच्च न्यायालयात १९३७ मध्ये शाबीत झाला. अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा नदीवरील सेल्मा शहरात १९६५ मध्ये कृष्णवर्णीय नागरिक मतदानाच्या हक्कासाठी पूल ओलांडून निघाले. ते लढे सामान्य माणसांच्या समतेचे होते. झाशीचा लढा एका राणीच्या वारसाहक्कापासून सुरू झाला, हा फरक विसरून चालणार नाही. पण लिहून दिलेला शब्द सत्तेनेही पाळला पाहिजे, हा आग्रह तिन्ही ठिकाणी सारखाच होता. आधी अर्ज, कागदपत्रे आणि कायद्याचा आधार, आणि ती वाट बंद झाल्यावर संघर्ष, हा क्रमही तिन्ही ठिकाणी दिसतो.

लक्ष्मीबाईंच्या शौर्याला या अर्जांमुळे उणेपणा येत नाही. उलट त्या शौर्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या, पडद्याआडून बोलणाऱ्या एका स्त्रीने त्या काळच्या बलाढ्य सत्तेला तिच्याच तहाचे शब्द दाखवून उत्तर मागितले. उत्तर देण्याची संधी सत्तेला अनेकदा मिळाली होती आणि प्रत्येक वेळी तिने ती नाकारली. झाशीला येणारे प्रवासी बहुधा किल्ला पाहून, बुरुजावरून शहराकडे नजर टाकून परततात. किल्ल्यावर शेवटच्या लढाईची कथा भेटते. लक्ष्मी दरवाजातून तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर, महालक्ष्मीचे देऊळ आणि गंगाधररावांची छत्री यांच्यामध्ये, त्या लढाईचे कारण भेटते. दत्तकाच्या हक्काचा प्रश्न ज्यांच्या मृत्यूने उभा राहिला ते राजे आणि जिच्या उत्पन्नासाठी राणीला सरकारदरबारी हात पसरावा लागला ती कुलदेवता, दोघेही तेथे आजही एकमेकांच्या शेजारी आहेत.